बोट लागली

१९८६ च्या ऑक्टोबरात एका गुरुवारी संध्याकाळी ॲन आर्बरच्या विद्यापीठात एका माजी ब्रिटिश मंत्र्यांचं भाषण झालं. भाषणात त्यांनी दोन मराठी शब्द उच्चारले आणि सभागृह हसलं. मी तिथे स्थानिक दैनिकाची बातमीदार म्हणून बसले होते. ते शब्द समजणारी त्या सभागृहात मी एकटीच असावी.

शब्द होते, 'बोट लागली'.

मंत्र्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका बंदरात त्यांच्या घराण्याची जहाज कंपनी होती. आजोबांनी काढलेली, वडिलांनी वाढवलेली. मुलाला धंदा कळावा म्हणून वडिलांनी त्याला आधी मुंबईच्या ऑफिसात वर्षभर बसवलं, मग कंपनीच्याच मालवाहू जहाजावरून मुंबई ते बाल्टिमोर पाठवलं. मुलगा तेव्हा वीस वर्षांचा होता. मुंबईत तो एकच वाक्य शिकला होता. जहाज धक्क्याला आलं की ऑफिसचा शिपाई दारात येऊन सांगायचा, "बोट लागली, साहेब." जहाजावरचे खलाशी कोकणातले. त्यांतल्या एकाचं नाव बाओजी. अटलांटिकमध्ये शिरल्यावर हा बाओजी रोज सकाळी सांगू लागला, "बोट लागली, साहेब." चहूकडे पाणी. मुलाला वाटलं, याला वेड लागलं. शेवटी एकदाचं बाल्टिमोर आलं, शिडी पडली, आणि बाओजी सगळ्यांच्या आधी उतरून जो गेला तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

"आपण पोचलो आहोत यावर विश्वास असलेला त्या जहाजावरचा तो एकटा माणूस होता," मंत्री म्हणाले. "राजकारणात मी आयुष्यभर असा माणूस शोधत राहिलो."

टाळ्या बराच वेळ चालल्या.

मराठीत बोट धक्क्याला लागते तशी माणसालाही लागते. माणसाला लागली की तो ओकतो. ते सभागृहाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी वहीत दोन्ही शब्द लिहिले आणि पुढे 'बाओजी' लिहून त्याखाली रेघ मारली. हे नाव नव्हतं. बहिणीच्या नवऱ्याला आपण भावोजी म्हणतो.

रविवारच्या पुरवणीसाठी मंत्र्यांवर मोठा लेख करायचं काम माझ्याकडे होतं. ते सहा आठवडे विद्यापीठाचे पाहुणे होते आणि त्यांची दोन जाहीर भाषणं ठरली होती. कात्रणांतून मिळालेली माहिती सरळ होती. घराण्याचं घर गोदीवरच्या टेकडीवर. युद्धात नौदल. मग संसद, दोन मंत्रिपदं, एक पराभव, पुन्हा विजय, शेवटी वरच्या सभागृहात नेमणूक. कंपनीची जहाजं मध्यंतरी विकली गेली. संसदेतलं पहिलं भाषण व्यापारी जहाजांवरच्या खलाशांच्या सुरक्षिततेवर. ते भाषण गाजलं होतं.

मी तेव्हा एका मराठी डॉक्टरांच्या घरात तळघरातल्या खोलीत भाड्याने राहत होते. डॉक्टर मालवणजवळच्या एका गावचे, हृदयरोगतज्ज्ञ, ॲन आर्बरमध्ये नाव असलेले. त्यांच्याबरोबर त्यांची आई राहत असे. मी तिला काकू म्हणत असे. काकूंची हकिगत इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्यांना माहीत होती, कारण काकूंनी ती लपवली नव्हती. डॉक्टर पाळण्यात असताना त्यांचे वडील बोटीवर गेले. पहिलीच फेरी. अमेरिकेत बोट लागली तेव्हा ते उतरले आणि पळाले, असं कंपनीच्या माणसाने मुंबईत सांगितलं. त्या बोटीवरचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, काकूंचा सख्खा भाऊ होता. त्यानेच मेव्हण्याला कामाला लावलं होतं. त्याने गावी येऊन तेच सांगितलं. पुढे भाच्याचं शिक्षण त्यानेच केलं. डॉक्टरांच्या बैठकीच्या खोलीत या मामांचा हार घातलेला मोठा फोटो होता. वडिलांचा फोटो नव्हता. अमेरिकेचं नागरिकत्व घेताना डॉक्टरांनी आपलं मधलं नाव काढून टाकलं होतं.

काकू कुंकू लावत. ज्येष्ठात वटपौर्णिमेचा उपास करत, आणि मिशिगनात वड नाही म्हणून बैठकीतल्या कुंडीतल्या रबराच्या झाडाला दोरा गुंडाळत. मंडळाच्या हळदीकुंकवाला त्यांना कुंकू लावायचं की नाही यावर दर वर्षी स्वयंपाकघरात कुजबुज होई. एकदा ती माझ्यासमोरच झाली.

"पळालेल्याची बायको सवाष्णच, यार. टेक्निकली."

"आणि तिकडे त्याने दुसरी केली असेल तर?"

"मग अर्धं लाव."

काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी पुढे येऊन कपाळ पुढे केलं. 'अर्धं लाव' म्हणणारीनेच कुंकू लावलं.

भाषणानंतरच्या शनिवारी जेवताना मी मंत्र्यांची गोष्ट सांगितली. जहाज कंपनीचं नाव, बाल्टिमोर, बोट लागली, बाओजी. डॉक्टर हसले. काकूंच्या हातातला घास ताटात परत गेला.

"दादाच्या बोटीवर सगळे ह्यांना भावोजी म्हणायचे," त्या म्हणाल्या. "दादा म्हणायचा म्हणून. आणि ह्यांना बोट लागायची. मुंबईला निघाले तेव्हा विजयदुर्ग येईपर्यंतच आडवे झाले होते, बरोबरच्यांनी सांगितलं."

"आई, कोकणातल्या प्रत्येक बोटीवर कुणाचा ना कुणाचा भावोजी असतो," डॉक्टर म्हणाले. "लीव्ह इट."

"त्याच कंपनीची बोट. तेच बंदर. वर्ष विचार त्यांना," काकू मला म्हणाल्या. "वर्ष जमलं तर एवढंच विचार, हे पळाले की गेले. दुसरं काही नको."

"कशाला हवंय तुला आता?"

"तुला नको असेल. तुझा बाप होता. माझा नवरा आहे. आहे म्हणायचं की होता, ते मला कळू दे."

मंगळवारी दुपारी विद्यापीठाच्या अतिथीगृहात मी मंत्र्यांची मुलाखत घेतली. खोलीत फायरप्लेस होती, बाहेर थंडी पडू लागली होती. मंत्री उंच, ताठ, अत्यंत नम्र. माझ्या कपात चहा त्यांनी स्वतः ओतला. बालपण, वडील, पहिली निवडणूक, सगळं त्यांनी नीट सांगितलं. सालं त्यांना पाठ होती. मुंबई ते बाल्टिमोर प्रवासाचं सालही त्यांनी न विचारता सांगितलं. काकूंनी सांगितलेलं साल तेच होतं.

मी म्हटलं, बोट लागली याचा मराठीत दुसराही अर्थ होतो.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "सारंगाने दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. माणूस आजारी होता. पण त्या अर्थाला कोणी हसत नाही."

"मग वेडा ठरवलं, ते?"

"ते भाषणासाठी. प्रत्यक्षात तो मी फिरायचो तिथेच ओकायचा. कप्तानाला सांगून मी त्याला रंगाच्या खोलीत ठेवायला लावलं. रंगाचे डबे ठेवायची छोटी खोली, डेकवरच होती. चावी माझ्याकडे. रोज सकाळी मी स्वतः दार उघडून त्याला विचारायचो, बोट लागली? तो म्हणायचा, लागली, साहेब. मग मी पुन्हा दार लावायचो. आमचा दोघांचा हा खेळच झाला होता म्हणा ना. खलाशीही जमायचे ऐकायला."

"तोही हसायचा?"

त्यांनी थोडा विचार केला. "लक्षात नाही. त्याचं तोंड बहुतेक खाली असायचं."

मी विचारलं, बाल्टिमोरला तो उतरला तेव्हा दार कोणी उघडलं होतं.

"बाल्टिमोरला तो उतरला नाही," मंत्री म्हणाले. "त्याच्या आदल्या दिवशी. समुद्र खवळलेला होता. मी दार उघडलं, नेहमीचा प्रश्न विचारला. त्या दिवशी तो उत्तर न देता बाहेर आला. कठड्यापर्यंत गेला, ओकायला वाकला. जहाज कललं. उतरला."

'उतरला' हाच शब्द त्यांनी वापरला. इंग्रजीत त्यासाठी जो साधा शब्द आहे तो.

"भाषणात त्याला बंदरातच उतरवावा लागतो," ते म्हणाले. "नाहीतर गोष्ट जमत नाही."

"जहाज थांबवलं?"

"आम्हाला आधीच उशीर झाला होता. आणि त्या समुद्रात काही उपयोग नव्हता. कप्तानाने पळाला असं नोंदवलं. ते सोपं जातं."

"कोणी बघितलं होतं?"

"मी. आणि सारंग. तो माझ्या मागेच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. भला माणूस. आम्ही त्याला पुढे शेवटपर्यंत नोकरीत ठेवला." ते उठले, फायरप्लेसमधलं लाकूड त्यांनी लोखंडी सळईने आत ढकललं. "पुढे संसदेत मी कठड्यांची उंची वाढवायला लावली. माझं पहिलं भाषण त्यावरच होतं. तुम्ही वाचलं असेल. चांगलं झालं होतं ते. बाकी हे, मघाचं, छापू नका. गोष्टीची मजा जाते."

मी त्यांना सांगितलं की त्या खलाशाची बायको या गावात राहते आणि तिला फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची आहे.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिला सांगा," ते म्हणाले, "की तिचा नवरा फार विनोदी होता."

बुधवारी सकाळी डॉक्टर कामावर गेल्यावर मी काकूंना सांगितलं. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मेथी निवडत होत्या. मी मुलाखतीत ज्या क्रमाने ऐकलं त्या क्रमाने सांगितलं. रंगाच्या खोलीपाशी त्यांचे हात थांबले आणि मग पुन्हा चालू लागले.

"बोट थांबवली का?"

"नाही."

"दादा कुठे होता?"

"तिथेच. मागे उभे होते."

त्यांनी देठांचा ढीग एका बाजूला सरकवला.

"दादा मला म्हणाला होता, गोरी बाई केली असणार त्याने. मी त्या बाईला इतकी वर्षं शिव्या दिल्या. इथे आले तेव्हा विमानतळापासून बघत होते, त्यांच्या वयाचा कोणी दिसतो का, बरोबर कोण आहे. दुकानात म्हाताऱ्या गोऱ्या बायका दिसल्या की वाटायचं, हिच्यासारखीच असेल ती." मेथीची पानं त्यांनी चाळणीत भरली. "ती नव्हतीच म्हणजे."

संध्याकाळी त्यांनी मुलाला सांगितलं. मी जिन्यात होते, आवाज खाली येत होते.

"एका म्हाताऱ्या माणसाची थाप आहे ही, आई. ही पत्रकार मंडळी काय वाटेल ते—"

"मामाचा फोटो काढ."

"मामांनी मला शिकवलं. मामा नसते तर मी आज गावात आंब्याच्या पेट्या भरत असतो."

"त्याच्या डोळ्यांसमोर ते पाण्यात गेले. आणि तो मला येऊन सांगतो पळाला."

"तू इमोशनल होऊ नकोस. फोटो राहील."

काकूंचा आवाज आला. "मग मला त्या साहेबाच्या पुढच्या भाषणाला ने. मी त्यालाच विचारते. सगळ्यांसमोर."

"काय विचारणार?"

"बोट का थांबवली नाहीत. एवढंच."

"त्या हॉलमध्ये माझे पेशंट असतात. माझ्या डिपार्टमेंटचा चेअरमन असतो."

"मग तुझ्या चेअरमनसमोर."

शेवटी डॉक्टर हो म्हणाले. नंतर ते तळघरात आले आणि दारातच उभं राहून मला म्हणाले, "महिनाअखेर खोली रिकामी कर." आवाज चढवला नव्हता.

लेखाचा मसुदा मी गुरुवारी संपादकांकडे दिला. त्यात रंगाची खोली होती, कठडा होता, आणि छापू नका म्हटल्याचंही होतं. संपादकांनी माझ्यासमोर मंत्र्यांना फोन लावला. संभाषण छोटं झालं. फोन ठेवून संपादक म्हणाले, "ते म्हणतात, तुझी इंग्रजी ऐकण्यात गल्लत झाली. भाषेचा घोटाळा आहे म्हणाले. त्यांना वाईट वाटलं नाही, उलट तुझं कौतुकच केलं."

मी म्हटलं, माझी नोंद आहे.

"तुझी नोंद तुझ्याच कानाची आहे," संपादक म्हणाले. लेख त्यांनी डेस्कवरच्या दुसऱ्या बातमीदाराकडे दिला. रविवारी तो छापून आला. सुरुवात बाओजीपासूनच होती. बाओजी बाल्टिमोरला उतरला.

दुसरं भाषण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालं. बर्फ पडलं होतं, पण हॉल भरला होता. मी सुट्टी टाकून बाजूच्या रांगेत बसले. डॉक्टर काकूंना घेऊन आले आणि पुढून तिसऱ्या रांगेत बसले. काकूंनी पातळावर मुलाचा जुना कोट घातला होता. कपाळावर कुंकू होतं.

मंत्री या वेळी निवडणुकांवर बोलले. अर्ध्या भाषणानंतर त्यांनी गोष्ट काढली. आता पुरवणीतून ती गावाला माहीत झाली होती, त्यामुळे लोक आधीच हसायला तयार होते. त्यांनी आवाज बदलला, मान खाली घातली, पोट धरलं आणि म्हणाले, "बोट लागली, साहेब." पहिल्या भाषणात पोट धरलं नव्हतं. हशा पहिल्यापेक्षा मोठा झाला. काकू समोर बघत होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ते दोन शब्द येत होते.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. दोन प्रश्न झाले. तिसऱ्याला काकू उठून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी त्यांच्या कोटाची बाही धरली. त्यांनी ती सोडवून घेतली. सूत्रसंचालकाने माइक पाठवला. काकूंना तो धरता येईना, तेव्हा डॉक्टर उभे राहिले आणि त्यांनी तो आपल्या हातात घेतला.

काकू मराठीत बोलल्या, सावकाश, मुलाकडे न बघता.

"त्यांना विचार, मी भावोजींची बायको. हे पाण्यात पडले तेव्हा बोट का थांबवली नाहीत?"

मंत्र्यांनी 'बोट' ऐकलं. त्यांचा चेहरा उजळला.

"बघा," ते सभागृहाला म्हणाले, "एक तरी व्यक्ती आहे इथे जिला माझं मराठी कळलं." लोक हसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. "काय म्हणाल्या त्या?"

डॉक्टरांनी पुढच्या रांगेकडे बघितलं. तिथे त्यांचे चेअरमन मागे वळून हसत होते.

"आई म्हणते," डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, "तिला भाषण फार आवडलं. तिलाही बोट लागते."

हशा. मंत्र्यांनी किंचित वाकून काकूंना नमस्कार केला, दोन्ही हात जोडून, आपल्याकडे करतात तसा.

"त्यांना सांगा," ते म्हणाले, "मी आभारी आहे. माझा उच्चार बरोबर होता का?"

डॉक्टर आईकडे वळले. माइक अजून तोंडाशी होता, त्यामुळे मराठीही सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"थांबवली होती म्हणतात. खूप शोधलं म्हणतात. बस आता."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. आमच्यात पाचसहा खुर्च्यांचं अंतर होतं. मी मान हलवली. नाही.

काकू उभ्याच राहिल्या. त्यांनी मंत्र्यांकडे बघितलं, मग मुलाकडे. मग कोटाच्या बाहीने त्यांनी कपाळावरचं कुंकू पुसलं. एकदा पुसून पूर्ण गेलं नाही, म्हणून पुन्हा पुसलं. मागच्या रांगेतल्या एका बाईने त्यांना कागदी रुमाल पुढे केला. काकूंनी तो घेतला आणि त्या खाली बसल्या. सूत्रसंचालकाने पुढचा प्रश्न मागितला.

शुक्रवारच्या अंकात भाषणाची बातमी आतल्या पानावर आली. ती दुसऱ्या बातमीदाराने लिहिली होती. शेवटचं वाक्य असं होतं: श्रोत्यांमधल्या एका वृद्ध भारतीय महिलेला भाषण फार आवडलं, असं तिच्या मुलाने सांगितलं.